झोपायची गाडी

"आत्या, स्लीपर केवढा घेऊ? तुला काय वाटतं?"

ह्यूस्टनहून भाच्याचा फोन आला आणि त्याने हा प्रश्न विचारला तेव्हा मला आधी पायातल्या स्लीपर आठवल्या, मग रेल्वेतला डबा. त्याला तिसराच स्लीपर हवा होता. ट्रकच्या केबिनमागे जोडलेली झोपायची खोली! तो स्वतःचा ट्रक घ्यायचा म्हणत होता, आणि जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेल्या आत्याचा सल्ला विचारत होता. खरं तर सल्ला त्याला नकोच असावा. घरातल्या कुणीतरी "घे" म्हणावं, एवढंच हवं असावं. आणि मी काय म्हणाले? "ट्रक चालवायला घेतोयस की झोपायला?"

पलीकडे शांतता. मग "बरं, ठेवतो" म्हणून त्याने फोन ठेवला.

आमच्या या भाच्याबद्दल थोडं सांगायला हवं. पुण्यात मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग तेलविहिरींची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीतून अमेरिकेत. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले आणि २०१६ मध्ये त्याची नोकरी गेली. घरात कुणाला न सांगता त्याने तिथलं जड वाहनाचं लायसन्स काढलं. पोरगा ट्रक चालवतो हे दादाने वर्षभर नातेवाइकांना सांगितलं नाही. आता तो 'हेवी हॉल'मध्ये आहे. म्हणजे पोकलेन, ट्रान्सफॉर्मर, ड्रिलिंगची यंत्रं, असलं नेहमीच्या ट्रकवर न मावणारं अवजड सामान तो परमिट काढून राज्याराज्यांतून नेतो.

मी तसं का बोलले हे त्याला ठाऊक होतं. आमच्या घरात सगळ्यांनाच ठाऊक आहे.

आमचे वडील, आबा, ट्रक ड्रायव्हर होते. कोल्हापूरहून गुळाचे रवे भरून मुंबईला मशीद बंदरला न्यायचे आणि येताना मिळेल तो माल आणायचे. लांब नाकाडाची, बॉनेटवाली टाटा-मर्सिडीज. मालकाला फेऱ्या हव्या असत. मोटर कामगारांसाठी दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांचा कायदा १९६१ सालीच झाला होता, पण आबांपर्यंत तो कधी पोचला नाही. झोप म्हणजे सीटवर पाय पोटाशी घेऊन तासभर, नाहीतर टपावर, नाहीतर गाडीखाली पोतं टाकून. खंबाटकी उतरली की झोपू, कराड गेलं की झोपू, असं करत करत घर यायचं.

१९६८ साली, मी अकरावीत असताना, सलग तिसऱ्या फेरीत पहाटे कराडच्या अलीकडे त्यांचा डोळा लागला. गाडी खड्ड्यात गेली. आबा वाचले. क्लीनर अठरा वर्षांचा होता, त्याचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. आबांनी पुन्हा स्टिअरिंग धरलं नाही. पुढे ते एका गुऱ्हाळावर हिशेब लिहायला लागले. शेवटपर्यंत दर दिवाळीला ते त्या मुलाच्या घरी जाऊन येत. काय देत, काय बोलत, आम्हाला कधी कळलं नाही. आई मात्र कुणी विचारलं की एवढंच म्हणायची, "झोपला, म्हणून झालं."

तेव्हापासून आमच्या घरात झोप हा गुन्हाच झाला. दुपारी कुणी आडवं व्हायचं नाही. मी ३४ वर्षं शाळेत शिकवलं, पण एखादं पोर बाकावर पेंगलं की माझा हात खडूकडे जायचा. आज त्याची लाज वाटते. शेतात पाणी पाजायला रात्रभर जागून आलेली पोरं असायची ती.

असो. तर पुढच्या मे महिन्यात, म्हणजे २०२४ मध्ये, नातीची शाळा संपल्याचा समारंभ होता म्हणून दादा-वहिनींबरोबर मीही ह्यूस्टनला गेले. फोनचा विषय कुणी काढला नाही. एका सकाळी भाचा म्हणाला, "आत्या, गाड्या बघायला जातोय, येतेस?" मी साडी खोचली आणि निघाले.

जुने ट्रक विकणाऱ्यांचं ते मैदान आपल्या गावच्या यात्रेएवढं होतं. नव्या गाडीवर केंद्र सरकारचा १२ टक्के कर बसतो, म्हणून हा जुनी बघत होता. आधी माझं लक्ष गेलं त्या नाकाडांकडे. आबांच्या गाडीचंच नाक, फक्त चारपट! आपल्याकडे ती नाकं जाऊन चपट्या तोंडाच्या गाड्या आल्या, यांच्याकडे कशी टिकली? भाच्याने कारण सांगितलं. १९८२ च्या एका कायद्याने तिथल्या राज्यांना मोठ्या राष्ट्रीय रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रेलरच्या एकूण लांबीवर बंधन घालायला मनाई झाली. त्याआधी लांबी वाचवायला तिथेही चपटी तोंडं असत. लांबीचा जाच गेला, तशी पुढे नाकं वाढली आणि मागे खोल्या.

खोल्या तरी किती तऱ्हेच्या! केबिनच्या मागच्या भिंतीपासून इंचांत मोजतात. एक ३६ इंची, म्हणजे नुसती फळी. दुसरी ८० इंचांच्या आसपास. तीत दोन बर्थ, कपाट, छोटा फ्रीज आणि माणूस उभा राहील एवढी उंची. आणि तिसरी वेगळ्या कारागिरांकडून बांधून घेतलेली, १० फुटांच्याही पुढची. तीत ओटा, बेसिन, संडास आणि चक्क अंघोळीची सोय. आमच्या कोल्हापूरच्या पहिल्या खोलीत यातलं काहीच नव्हतं.

"एवढा थाट कशाला रे?" मी पुन्हा म्हणालेच. पण या वेळी त्याने फोन ठेवायचा प्रश्न नव्हता. त्याने मला सावलीला बसवलं आणि हिशेब सांगितला.

तिथल्या नियमाने १० तास विश्रांती झाली की पुढच्या १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची. पण अवाढव्य रुंदीचा, लांबीचा माल असेल तर बऱ्याच राज्यांत तो फक्त उजेडी न्यायचा. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. सणासुदीला, कुठे शनिवार-रविवारीही बंद. "आता डिसेंबरात मी नॉर्थ डकोटाच्या तेलविहिरींवर यंत्र घेऊन गेलो," तो म्हणाला, "तिथे तेव्हा दिवस साडेआठ तासांचा. पुढचा-मागचा अर्धा तास धर, साडेनऊ. म्हणजे चोवीसपैकी साडेचौदा तास मी उभाच. बाहेर बर्फ. शंभर फुटांची गाडी कुठल्या लॉजच्या दारात लावू? मग मी कुठे राहतो, सांग."

गणित माझा विषय नव्हे, पण ही वजाबाकी मला जमली. हे ओझं वाहणारा माणूस चालतो त्यापेक्षा थांबतो जास्त. ट्रक निवडताना आधी इंजिन बघावं असं मला वाटायचं. ते होतंच. १५ लिटरचं, पाचशे-सहाशे घोड्यांचं, त्याला १८ गिअर, दुहेरी चौकट, मागचे दणकट अ‍ॅक्सल. तेवढं असल्याशिवाय या कामाला गाडी उभीच करत नाहीत. पण ते सगळं त्या साडेनऊ तासांसाठी. उरलेल्या साडेचौदांसाठी ती खोली.

माझं मत असं फिरलं की मीच हट्ट धरला, "मग ती दहा फुटीच घे! पैसे कमी पडत असतील तर माझे पेन्शनचे..."

तो हसला. "आत्या, आता वजनाचा हिशेब ऐक."

परमिटशिवाय तिथे सगळं मिळून ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन चालतं. त्याहून जड माल असला की परमिट, आणि परमिटमध्ये प्रत्येक अ‍ॅक्सलवर किती भार हे बघतात. खोलीचा भार पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलांवर येतो. दहा फुटी खोली, तिचं सामान, पाण्याची टाकी धरून त्याच्या अंदाजाने दोन-तीन हजार पौंड वाढत होते. तेवढाच माल कमी न्यायचा, किंवा विनापरमिट गेलं असतं त्या यंत्रालाही परमिट काढायचं. शिवाय परमिटच्या मालाला एकूण लांबी मोजतातच, तिथे १९८२ चा कायदा कामाला येत नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण वळणाची. खोली लांब म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर लांब, कधी २५ फुटांच्याही वर. महामार्गावर ते छान, पण यंत्र पोचवायचं असतं चिखलातल्या अरुंद वाटेने. "अंघोळ ट्रक स्टॉपवर होते गं," तो म्हणाला, "वळण नाही ना कुठे विकत मिळत."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलंय.

मग त्याने मला मधल्या आकाराच्या एका गाडीत चढवलं. तीन पायऱ्या, ७३ वर्षांचे गुडघे आणि नऊवारी नसली तरी साडीच! आत गेले आणि बर्थवर बसले. तो सांगत होता, बर्थ निदान ७५ इंच लांब आणि २४ इंच रुंद हवा असं तिथल्या नियमातच आहे. गाडीचं इंजिन बंद ठेवून गारवा आणि ऊब देणारं वेगळं छोटं यंत्र असतं. त्याचं वजन ५५० पौंडांपर्यंत त्या ८०,०००च्या वर माफ करायची मुभा केंद्राच्या कायद्यानेच दिली आहे. सरकारने ड्रायव्हरच्या झोपेला वजनात सूट दिली! मी ऐकत होते आणि हात त्या गादीवरून फिरत होता. सव्वासहा फूट. आबांची उंची पाच फूट सात इंच. पाय लांब करून झोपले असते.

मला रडू आलं नाही. राग आला. कुणाचा ते नीट कळलं नाही. मालकाचा, आईच्या त्या एका वाक्याचा, आणि ते वाक्य पन्नास वर्षं तसंच पुढे चालवणाऱ्या माझाही. झोपला म्हणून नव्हे, झोपायला मिळालं नाही म्हणून झालं होतं. एवढी साधी गोष्ट. मी पोरांना कारण आणि परिणाम शिकवत आले आणि आमच्याच घरातलं कारण मला कधी दिसलं नाही.

दादा खाली उभा होता. मी वरून म्हटलं, "दादा, वर ये. झोपून बघ." तो आधी नको नको म्हणाला. मग चढला आणि चप्पल काढून आडवा झाला. दोन-तीन मिनिटं कुणीच बोललं नाही. उतरताना तो भाच्याला म्हणाला, "हीच घे."

तीच घेतली. जुनी, मधल्या खोलीची, निळ्या रंगाची. आता दादा नातेवाइकांना आपणहून फोटो दाखवतो.

आपल्याकडेही काही बदलतंय. नव्याने तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. अजून खूप हवं, पण ड्रायव्हरला गरम होतं हे कागदावर तरी आलं.

भाचा रस्त्यावर असला की मी रोज त्याला फोन करते. त्याची सकाळ म्हणजे माझी संध्याकाळ. पूर्वी पहिला प्रश्न असायचा, "जेवलास का?" आता विचारते, "झोप झाली का रे?" तो म्हणतो, "झाली आत्या, छान झाली." मग मला बरं वाटतं आणि मी दिवा लावायला उठते.

आणि हो, हल्ली दुपारी मीही तासभर झोपते. दार लावून घेत नाही.