आकडा नको, ग्राफ दाखवा!

गाडी शंभराच्या वर पळतेय आणि समोरची भिंत जागची हलत नाहीये! डायनो, म्हणजे गाडीची ताकद मोजणारं यंत्र, आयुष्यात पहिल्यांदा बघणाऱ्याची अवस्था काय होते, ते मला विचारा. पुण्यातल्या एका वर्कशॉपात मित्राची पोलो टीएसआय रोलरवर चढवली, पट्ट्यांनी पुढून-मागून करकचून आवळली, बोनेटसमोर माणसाएवढा पंखा आणून ठेवला आणि ट्यूनरने चौथ्या गिअरमध्ये पाय पार खाली दाबला; यालाच ‘पुल’ घेणं म्हणतात. काय तो आवाज! छातीच्या फासळ्या थरथरतात हो, खरंच.

पण मला वेड लावलं ते स्क्रीनवर उमटलेल्या रेषांनी. पॉवरची रेघ चढत चाललेली, टॉर्कची आधी झपकन वर जाऊन मग पठारासारखी सपाट. ‘‘आकडा किती आला?’’ मी ओरडलोच. ट्यूनर थंडपणे म्हणाला, ‘‘कुठला पाहिजे?’’

म्हणजे आकडे अनेक असतात! कंपनी सांगते ते ११० पीएस इंजिनाचे. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टायर आपापला वाटा खाऊन उरतं ते चाकावर, आणि रोलर मोजतो ते हेच. त्यात सरसकट पंधरा टक्के मिळवून ‘इंजिनाची पॉवर’ सांगायची पद्धत आहे. तो निव्वळ अंदाज. पुढची गंमत तर ऐका. हवा गरम किंवा विरळ असली की पॉवर घटते, म्हणून सॉफ्टवेअर दुरुस्ती करतं. एसएई जे१३४९ हे मानक २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल दाबाची कोरडी हवा धरतं. जुनं ‘एसटीडी’ साडेपंधरा अंश आणि जास्त दाब धरतं. ट्यूनरने माउसची एक क्लिक केली आणि तोच पुल, तीच गाडी, आकडा साधारण चार टक्क्यांनी वर! पेट्रोलचा एक थेंब न जाळता घोडे वाढले. मी तर खुर्चीतून उठलोच.

त्यात आपलं पुणे साडेपाचशे मीटरवर, हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सहाएक टक्के कमी. साध्या इंजिनाला त्याची भरपाई द्यायलाच हवी. टर्बोवाली गाडी मात्र बूस्ट सांभाळून तो तोटा बराचसा आधीच भरून काढते. वरून पूर्ण भरपाई दिली की ती गाडी कागदावर फुकटात ताकदवान होते. म्हणून टर्बोचा न दुरुस्त केलेला आकडाही मागून घ्यायचा.

आणि रोलर! काही डायनो जड रोलर किती वेगाने फिरायला लागतो त्यावरून पॉवर काढतात, काही ब्रेकसारखा भार लावतात, काहींत तर चाकंच काढून थेट हबला जोडतात. पहिल्या प्रकारात हलके अलॉय बसवले तरी आकडा वाढतो, इंजिनाला हातही न लावता! गिअर बदला, टायरमधली हवा कमी करा, इंटरकूलर तापलेला असताना लगेच दुसरा पुल घ्या, प्रत्येक वेळी आकडा हलणार. मग कोइम्बतूरच्या गाडीचा आकडा पुण्याच्या गाडीशी भिडवून रात्र रात्र वाद घालणाऱ्यांना काय म्हणावं!

मित्राच्या गाडीचा रीमॅप झाला, म्हणजे लॅपटॉप जोडून इंजिनाच्या संगणकातली सेटिंग्ज बदलली, इंजिन थंड होऊ दिलं, पुन्हा त्याच रोलरवर, त्याच गिअरमध्ये, त्याच दुरुस्तीवर पुल घेतला. दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवले आणि मधल्या आरपीएमला रेषांमध्ये जी फट दिसली ना, ती अस्सल कमाई! शिखरावरचा फरक त्यापुढे किरकोळ होता. सिंहगडाच्या चढाला उपयोगी पडणार ती मधली फटच.

तुमच्या गावात डायनो डे लागला तर नुसतं बघायला तरी जाच, कानात बोळे घालून. आणि रीमॅप करणार असाल तर एवढं ऐका: आधीचा पुल मोजून, छापून हातात घेतल्याशिवाय कुणालाही गाडीला लॅपटॉप जोडू देऊ नका.