दहा माणसं

चांदा-गडचिरोलीच्या झाडीत धान निघालं की गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री नाटक लागतं. लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे मुक्कामाला येतात. नाटक कंपनी वडशाहून येते खरी, पण नाटक उभं राहतं ते गावातल्या मंडळाच्या जिवावर. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला, समाज कशाने जिता राहतो हा प्रश्न सहज सोडवत नाही. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाविषयी वाचताना मी एका आकड्यापाशी अडलो, तो त्यामुळेच. तो आकडा दहाचा. ज्यू धर्मात परंपरेने सार्वजनिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे किमान दहा पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. नऊच जमले तर भक्ती कितीही असो, काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. दहावा कोण? तो विद्वान नसेल, श्रीमंत नसेल, पण त्याच्यावाचून बाकीच्या नवांचं अडतं.

बेने इस्राएलांत परंपरेने चालत आलेली कथा अशी: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. समुद्राने बाहेर टाकलेले देह त्यांनी तिथेच पुरले. पोथ्या गेल्या. उरली 'शमा' ही प्रार्थना, आठव्या दिवशीची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याची रीत आणि शनिवारचा विसावा. तेल गाळणं हा धंदा त्यांनी धरला, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. आमच्याकडेही तेल्यांची वस्ती मोठी. बैल जुंपलाच नाही तर त्या दिवसाची कमाई गेली, हे इथे कुणालाही कळेल. तो तोटा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला. आणि शनिवारी तेल मिळायचं नाही हे धरून शेजारपाजारची गिऱ्हाइकंही आदल्या दिवशीच येत असणार. त्या शेजाराचं मोल मला फार वाटतं. या किनाऱ्यावर त्यांना धर्मापायी कुणी छळलं नाही.

कोकणाने त्यांना पुष्कळ दिलं आणि त्यांनी ते मोकळ्या मनाने घेतलं. पेणकर, दिवेकर, नवगावकर ही आडनावं गावांवरून आली. पंचायतीत मुकादम आणि चौगुला होते, तसे प्रार्थना चालवणारे हजान आणि काजीही. सणांना नव्याचा सण, खिरीचा सण अशी नावं पडली आणि एक उपास वालाच्या बिरड्यावरून ओळखला जाऊ लागला. १८८०च्या सुमाराला तर त्यांच्यात कीर्तनं होऊ लागली. बाज आपला नेहमीचा आणि आख्यान मोशेचं किंवा योसेफाचं! वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईत शिळाप्रेसवर छापली गेली, पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली. एवढं घेऊनही शनिवार मात्र सुटला नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त मोह पडतो मलिद्याच्या ताटाचा. पोहे धुऊन मऊ करायचे, त्यांत ओला नारळ, साखर, वेलची आणि सुका मेवा कालवायचा, भोवती फळं मांडायची. लग्नाआधी, नव्या घरात, नवस फिटल्यावर हे ताट एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने ठेवतात. गाणं होतं, मग एकेका जिनसेवर तिचा तिचा आशीर्वाद म्हणायचा. खजूर झाडाचं फळ म्हणून त्याचा वेगळा. केळं मात्र जमिनीचं फळ धरतात, म्हणून केळ्याचा वेगळा. मग प्रत्येकाच्या हातावर वाटा पडतो. दहाच्या मोजणीत बायकांना धरत नाहीत, हे मला खटकतं. हे ताट तर त्यांच्याच हातचं असतं. मुंबईत १९२५ साली ज्यूइश रिलिजस युनियन ही सुधारक मंडळींची संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत डॉ. जेरुशा झिराड होत्या, हे वाचून म्हणूनच बरं वाटलं.

पैशाने समाज बहरतो म्हणावं, तर पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे तिथलं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनामंदिर, पाहावं. धनाढ्य व्यापारी डेव्हिड ससूननी उभारलेली ती लाल मनोऱ्याची वास्तू आजही डोळ्यांत भरते, पण ससूनांचा बगदादी ज्यू समाज इथून जवळजवळ सगळा निघून गेला. याच बगदाद्यांनी बेने इस्राएलांना आपल्या दहांत धरायला अनेकदा नकार दिला. सिनेगॉगच्या कारभारातल्या हक्कांवरून रंगूनचं भांडण तर १९३०च्या दशकात कोर्टात गेलं. पुढचा घाव याहून जिव्हारी लागणारा होता. हजारो माणसं अलिबाग, पेण, मुंबई सोडून इस्राएलला गेली आणि १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने त्यांच्या लग्नांआधी वंशाची चौकशी सांगितली. ज्या शनिवारासाठी पूर्वजांनी घाणा थांबवला, त्याचाच पुरावा मागण्यासारखं होतं ते. मंडळी आंदोलनाला उतरली, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने ती पूर्णपणे ज्यूच असल्याचं ठरावाने सांगितलं. आपण मोजले जातो की नाही, यावर माणसं एवढी का पेटतात, ते दहाचा नियम ठाऊक असला की समजतं.

इकडे १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. आज खरी वर्दळ ठाण्याच्या १८७९च्या सिनेगॉगमध्ये आहे. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना धार्मिक अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, पण कोकणातल्या लहान गावांत दहावा माणूस कागदाने कसा मिळणार? तिकडे इस्राएलमध्ये दिमोना, लोद, अश्दोदच्या घरांत मलिद्याचं ताट अजून मांडलं जातं. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथल्या मराठी ज्यूंनी चालवलं. पण तिकडच्या नातवंडांना हिब्रू आपसूक येते, मराठी मात्र कुणीतरी बसून शिकवावी लागते, आणि ते काम कोकणात जन्मलेले आजी-आजोबा हयात आहेत तोवरच व्हायला हवं.