साडेतीन इंच

कपाट भिंतीला लागेना, तिथून सगळी सुरुवात झाली.

म्हणजे झालं असं, की बाबा रिटायर झाले आणि त्यांनी ठरवलं, अमरावतीचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि गावी राहायला जायचं. गाव दर्यापूर-अकोट रस्त्यापासून थोडं आत. घरात आजी एकटी, वय पंच्याऐंशी, आणि ती काही केल्या अमरावतीला यायला तयार नाही. घराच्या दुरुस्तीची जबाबदारी अर्थातच माझ्यावर, कारण घरात इंजिनियर मी एकटा. (कॉम्प्युटरचा. पण हे गावात कोण ऐकून घेतंय?) मग काय, शुक्रवारी रात्री पुण्याहून बडनेऱ्याची गाडी, रविवारी रात्री परत. असे सहा वीकेंड.

तर कपाट. अमरावतीहून टेम्पोत घालून साडेसहा फुटी लाकडी कपाट आणलं आणि आजीच्या खोलीत भिंतीला टेकवलं. खाली चिकटलं, वर अडीच इंच फट. मी आढ्यापासून ओळंबा सोडला आणि पट्टीने अंतर मोजलं. नऊ फूट उंचीत भिंत साडेतीन इंच मागे गेलेली! आम्ही पुण्याच्या फ्लॅटचा ताबा घेताना टाइलमधल्या दोन मिलिमीटरवरून बिल्डरशी भांडलेली माणसं. मी लगेच जाहीर केलं, आधी भिंती सरळ करायच्या.

पहिला विचार सिमेंटच्या प्लास्टरचा. हिशोब मांडला. भिंत दहा फूट लांब, नऊ फूट उंच. भर खाली शून्य, वर साडेतीन इंच, म्हणजे सरासरी पावणेदोन इंच. साधारण तेरा घनफूट माल. वजन? सातशे किलोच्या वर! प्लास्टर एका थरात १२ ते १५ मिलिमीटर आणि दोन थरांत २० च्या आसपास मारतात. इथे वरच्या टोकाला जवळजवळ ९० लागणार होतं. आणि हा पाऊण टन धरून ठेवणार कोण, तर मातीची भिंत. दुसरा पर्याय लोखंडी फ्रेम ठोकून पुढे जिप्सम बोर्ड लावायचा. म्हणजे मधल्या पोकळीत उंदरांना आयती सोसायटी. मग मला एकदम भारी कल्पना सुचली. वर भरण्यापेक्षा खालूनच साडेतीन इंच तासून काढू!

अकोटहून मिस्त्री आले होते, साठीच्या पुढचे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आमच्या टीममध्ये प्रॉडक्शनचा डेटाबेस डिलीट करू का विचारणाऱ्या फ्रेशरकडे बघतात.

"वाकडी नाही भाऊ ते. मातीची भित खाली जाड अन् वर बारीकच घ्या लागते. सरय उचलली असती त कवाचीच आंगावर आली असती."

आमचं घर धाब्याचं. सागवानी कड्या, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. पुढच्या बाजूला खांब आहेत, पण मागच्या बाजूच्या कड्या थेट या भिंतीत शिरलेल्या. भिंत पांढऱ्या मातीची. आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी, ते काही उगाच नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आकसते, तिची भिंत टिकत नाही. पांढरी त्या मानाने शांत. आजोबांनी ही माती पडक्या गढीतून बैलगाडीने आणली, असं आजी सांगते. वर वजन कमी म्हणून जाडी कमी, खाली सगळा भार म्हणून जाडी जास्त. मी जे साडेतीन इंच तासायला निघालो होतो, ते भिंतीचे पाय होते. (रात्री नेटवर बसलो तर येमेनमधलं शिबाम सापडलं. कच्च्या विटांच्या सात-सात मजली इमारती आणि भिंती वर निमुळत्या. १९८२ पासून युनेस्कोच्या यादीत. आणि मी इकडे छिन्नी घेऊन उभा!)

तरी माझं समाधान झालं नव्हतं. मग मिस्त्री मला ओसरीत घेऊन गेले. ओसरीला २०१५ मध्ये आम्हीच हौसेने सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं होतं. दोन-तीन पावसाळ्यांतच गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लोणा लागला, पोपडे सुटले, आम्ही दर दिवाळीला वर रंग मारत राहिलो. मिस्त्रींनी थापीची मूठ ठोकली, आतून पोकळ आवाज. प्लास्टरचा परातीएवढा तुकडा उचकटला, तर त्याच्यामागून माती भसाभसा खाली आली. ओली. एप्रिल महिन्यात!

जमिनीतून ओल वर चढते, ती मातीच्या भिंतीतून उडून जाते. सिमेंटने तिचा रस्ता बंद केला, मग ती आतल्या आत साचली. त्यात आमचा सगळा खारपाणपट्टा, पूर्णेच्या खोऱ्यातला. बोअरच्या पाण्यात मीठ, माल त्याच पाण्यात कालवलेला. भिंत खालून बोटाने उकरता येईल इतकी मऊ झाली होती. दर पावसाळ्यात पेपरात 'भिंत कोसळून' अशा बातम्या येतात, त्या आपण वाचतो आणि पान उलटतो. मी हेच प्लास्टर आजीच्या पलंगाच्या उशाशी मारणार होतो. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ओळंबा पुन्हा काढला आणि यावेळी दर दोन फुटांवर मोजत सगळी भिंत फिरलो. बहुतेक ठिकाणी अंतर इमानदारीत वाढत होतं. फक्त उजव्या कोपऱ्यात मध्येच दीड इंच फुगवटा, रांगेबाहेरचा. आजी पलंगावरून बघत होती.

"तेच त सांगून राह्यली मी तुह्या बापाले तीन सालापासून. वरून त्या कोपऱ्यात पाणी मुरते. तुमाले कपाटाचीच पडली हाये."

वर चढून पाहिलं. धाब्याच्या पन्हाळाच्या तोंडाशी माती खचली होती आणि पाणी बाहेर पडण्याऐवजी भिंतीत उतरत होतं. खरी वाकडी भिंत एवढीच, चार फूट बाय तीन फूट. बाबा काही बोलले नाहीत. खाली उतरून त्यांनी आजीचा पलंग स्वतः सरकवला, दुसऱ्या खोलीत.

मग काम झालं ते असं. कड्यांना टेकू लावले. पन्हाळ नवीन बसवलं. फुगलेला भाग एकदम न काढता हात-दीड हाताच्या टप्प्याने काढला आणि कच्च्या विटा व गाऱ्याने भरत नेला. गारा म्हणजे पांढरी माती, गव्हांडा आणि पाणी, रोज पायाने तुडवून मुरवलेला. पाणी टाकीचं, बोअरचं नाही. वाळायला तीन आठवडे. वरून मातीचाच गिलावा आणि चुना. ओसरीचं सिमेंट सगळं काढलं, तिथेही तेच. स्वयंपाकघरात आईला टाइल्स हव्याच होत्या, तिथे मातीच्या भिंतीपुढे बोटभर जागा सोडून विटांची साडेचार इंची वेगळी भिंत ओट्यावर दोन फूट येईल एवढी उचलली. ती मात्र ओळंब्यात आहे, मी तीनदा तपासली.

खर्च ठरवल्यापेक्षा जास्त झाला, कारण मातीचं काम करणारे आता मिळत नाहीत आणि मिळाले तर त्यांचे दिवस जास्त लागतात. मिस्त्रींचा मुलगा अकोल्यात फ्लॅटच्या कामांवर जातो, त्याला गारा तुडवायला लाज वाटते म्हणे.

आणि कपाट? आजीच्या खोलीतच आहे. वरून त्याला एक खिळा मारून भिंतीतल्या जुन्या खुंटीला बांधलंय. मागच्या त्या अडीच इंचांत आजीने जुनी कालनिर्णयं सरकवून ठेवलीत, दुधाच्या हिशोबाची. बाबा म्हणत होते, फट बुजवून टाकू. आजीने नाही म्हटलं.