पायऱ्या किती?

मागच्या हिवाळ्यात आमच्या मंडळाची सहल इंदूरहून महेश्वरला गेली. आईला न्यायचं की नाही, यावर घरात दोन दिवस चर्चा. वय ८२, खुब्याच्या ऑपरेशननंतर व्हीलचेअर. ती म्हणाली, "अरे, माझं लहानपण गेलंय त्या घाटावर. खुर्चीत बसून का होईना, येते मी."

गाडी किल्ल्यापर्यंत गेली. दगडी फरशीच्या फटींत खुर्चीची पुढची छोटी चाकं अडकत होती, म्हणून मी खुर्ची उलटी फिरवून मागे ओढत नेली. अहिल्याबाईंच्या पुतळ्याला आईनं हात जोडले. तिथून पुढे मात्र घाटाकडे उतरणाऱ्या पायऱ्या. मंडळातली चार मुलं धावत आली, "आजी, उचलून नेतो ना!" आई म्हणाली, "नको रे, मी काय पोतं आहे?" शेवटी एकानं लोटाभर नर्मदेचं पाणी वर आणलं. तिनं ते डोळ्यांना लावलं आणि हळूच म्हणाली, "पाणी आलं, मी नाही गेले."

ते वाक्य अजून डोक्यात आहे. यात्रेकरूंसाठी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधणाऱ्या बाईंचं हे गाव!

जुन्या वास्तूची मोडतोड करू नये, हे मलाही मान्य आहे. पण उचलून ठेवता येणारा लाकडी उतार, एका बाजूला धरायला कठडा, मध्ये टेकायला बाक, यानं वारशाचं काय बिघडतं? सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात, असं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही सांगतो. मात्र उतार नावापुरता नको. एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी लागते. आमच्याकडच्या एका जुन्या इमारतीत दीड फूट उंचीला जेमतेम तीन फुटांचा उतार आहे. त्यावरून खुर्ची नाही, घसरगुंडी जाईल!

आणि जिथे काहीच बदलता येत नाही, तिथे निदान पायऱ्या किती, हे पाटीवर लिहा. माणूस घरूनच ठरवून निघेल.

यंदाच्या सहलीची जागा अजून ठरायची आहे. मी आधी जाऊन पाहून येणार आहे. आईनं मोजायची टेप आत्तापासूनच माझ्या पिशवीत टाकून ठेवली आहे.