सामानाचे परिमाण

मुलगा व सून नोकरीसाठी नारायणगावहून पुण्याला, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहावयास गेली. घर मांडण्यासाठी आम्ही ४०,००० रुपयांची मर्यादा ठरविली. हप्त्यावर काहीच घ्यावयाचे नाही, हेही ठरले. ‘बिनव्याजी’ हप्त्याचे व्याज बहुधा किमतीत किंवा शुल्कात दडलेले असते, हे व्यापाऱ्याच्या घरात वेगळे सांगावे लागू नये.

सूनबाईंनी विचारले, “बाबा, माहेरची माणसे आली तर बसवायची कशावर?” प्रश्न खरा होता. आपल्या समाजात सोफा पाहून पत जोखणारे डोळे कमी नाहीत. परंतु आपल्या पेढ्यांवर गादी-लोडावर बसूनच लाखोंचे व्यवहार झाले आणि रात्री तीच गादी पाहुण्याचे अंथरूण झाली. पुण्यातही तशीच बैठक घातली.

कपाट व लोखंडी पलंग बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून आणले. लाकडी पलंग याहून स्वस्त मिळत होता. पण जुन्या सांध्यांत ढेकूण निघाले, तर औषध फवारावे लागते. ती हिंसा टाळणे हाही हिशेबच.

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात जमीन, सोने, धान्य यांबरोबर ‘कुप्य’, म्हणजे घरातील सामानसुमानही मोजलेले आहे. ही मर्यादा श्रीमंतांसाठी, असा आपला समज असतो. नव्याने संसार मांडणाऱ्यांना तिची गरज अधिक. आधी मर्यादा लिहावी, मग बाजारात जावे. मुलांच्या घरात सामान थोडे आहे. देणे मात्र कोणाचेही नाही.