मधुबनच्या वाटेवरील एक चाक

डिसेंबरातील एका सकाळी श्री सम्मेदशिखरजीच्या यात्रेस निघालेला एक संघ मुंबई विमानतळावरील प्रतीक्षागृहात बसला होता. साडेनऊला रांचीकडे उड्डाण, बाराच्या सुमारास उतरणे, तेथून बसने चार-साडेचार तासांत मधुबन, असा बेत होता. त्यामागे एक हिशेब होता. झारखंडात डिसेंबरमध्ये सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, आणि संघातील बहुतेक ज्येष्ठांना रात्रिभोजनाचा त्याग होता.

काचेच्या भिंतीपलीकडे विमाने उभी करण्याचे विस्तीर्ण अंगण दिसत होते. प्रवाशांची नजर तेथे सहज जाते. पण विमानाभोवती पायी फिरणाऱ्या वैमानिकाकडे क्वचितच कोणाचे लक्ष असते. प्रत्येक उड्डाणापूर्वी ही प्रदक्षिणा होते. टायर झिजले आहेत काय, ब्रेकची जाडी पुरेशी आहे काय, इंजिनाच्या पात्यांना कोठे टवका उडाला आहे काय, कोठून तेल गळते काय, वेग मोजणाऱ्या नळ्यांवरील आवरणे काढली आहेत काय, हे सर्व डोळ्यांनी पाहायचे असते. त्या सकाळी उजव्या बाजूच्या मुख्य चाकाशी तरुण वैमानिक वाकला, बॅटरीचा झोत टाकला आणि बराच वेळ उठला नाही. थोड्या वेळाने इंजिनिअर आला, त्याने टायरवरील चिरेची खोली मोजली आणि मान हलवली.

उड्डाणास सव्वा तास उशीर होणार, अशी घोषणा झाली. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी प्रायः एकीचाच उपयोग होतो आणि हुकलेली वेळ लगेच परत मिळत नाही. प्रतीक्षागृहात कुरकुर सुरू झाली. विमानाच्या कॅप्टन स्वतः दाराशी आल्या, तेव्हा संघातील एक वयोवृद्ध कापडव्यापारी पुढे झाले.

“ताई, एका चिरेसाठी एवढी माणसे खोळंबली आहेत. आमच्या म्हाताऱ्या माणसांचे संध्याकाळचे जेवण चुकेल. एवढे चालवून घ्या ना.”

“काका, आज विमानात दोन बिघाड आहेत,” त्या शांतपणे म्हणाल्या. “एक घेऊन आपण जाणार आहोत. दुसरा घेऊन जाता येणार नाही.”

“कोणता चालेल आणि कोणता नाही, हे ठरवते कोण?”

“मुळात पुस्तक ठरवते, काका. त्यात बसत नसेल, तर मी चालवून घेऊ शकत नाही.”

ते पुस्तक म्हणजे किमान आवश्यक उपकरणांची यादी. विमानातील कोणता भाग बंद असताना, कोणत्या अटींवर आणि किती दिवस उड्डाण करता येईल, हे त्यात आधीच लिहिलेले असते. विमान कंपनीची ही यादी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेली असते. बिघाडांचे चार वर्ग असतात: पहिल्याची मुदत यादीतच त्या त्या नोंदीपुढे दिलेली असते, उरलेल्या तिघांना नोंदीचा दिवस वगळून अनुक्रमे 3, 10 आणि 120 दिवस मिळतात. व्यापारी कुटुंबांना ही रीत नवी वाटू नये. ती मुदतीच्या हुंडीसारखी आहे: रक्कम लिहिलेली, तारीख लिहिलेली, खाली सही.

शेपटीतील लहान इंजिन आदल्या रात्रीपासून बंद होते. विमान जमिनीवर असताना वीज व हवा पुरवणे आणि मोठी इंजिने सुरू करण्यास मदत करणे, हे त्याचे काम. ते बंद असल्यास जमिनीवरील यंत्राच्या हवेने इंजिने सुरू करता येतात. तशी सोय रांचीतही आहे, याची खात्री करून इंजिनिअरने तो बिघाड तांत्रिक नोंदवहीत मुदत घालून लिहिला होता. टायरची गोष्ट वेगळी. अशा टायरमध्ये मोटारीच्या टायरच्या सुमारे सहापट दाबाने नायट्रोजन भरलेला असतो, आणि धावपट्टीवर त्यावर कित्येक टनांचा भार येतो. चीर ठरलेल्या खोलीपलीकडे गेली की मुदत नाही, चाक बदलायचे.

काचेपलीकडे जॅक लागला. काढलेला प्रत्येक नट इंजिनिअर एका थाळीत ठेवत होता आणि नवे चाक बसल्यावर त्याने ती थाळी रिकामी झाल्याचे पाहिले. उचलताना पाहावे आणि ठेवतानाही पाहावे, ही आदाननिक्षेपण समिती साधूंच्या आचारात सांगितली आहे. ती चुकली तर काय होते, याचे एक दुःखद उदाहरण पेरू देशात घडले. 2 ऑक्टोबर 1996 रोजी लिमाहून रात्री निघालेल्या बोइंग 757 विमानाची धुलाई करताना हवेचा दाब घेणाऱ्या बारीक छिद्रांवर चिकटपट्टी लावली होती. ती काढायची राहिली, आणि उड्डाणापूर्वीच्या पाहणीतही कोणाला दिसली नाही. उंची व वेग खोटे दिसू लागले, विमान समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व 70 जण मृत्युमुखी पडले. विमानात मोठा बिघाड काहीच नव्हता.

आपल्या शास्त्रात लपवलेल्या दोषाला शल्य म्हटले आहे आणि तो गुरूंपुढे बोलून दाखवण्याला आलोचना. तांत्रिक नोंदवहीचे काम याहून फार निराळे नाही. त्यात लिहिलेल्या बिघाडाची मुदत मोजता येते, त्यावर कोणाची तरी सही असते आणि पुढच्या वैमानिकाला तो वाचता येतो. चालवून घेतलेला, न लिहिलेला बिघाड मात्र कोणाच्याच खात्यावर नसतो.

विमान पावणेअकराला निघाले. हजारीबागच्या पुढे ऊन उतरू लागले, तेव्हा बस रस्त्याकडेला थांबली. घरून आणलेल्या दशम्या आणि खाकरे उघडले गेले, सर्वांनी गाळलेले पाणी घेतले आणि सूर्य टेकडीआड जाण्यापूर्वी डबे बंद झाले. मधुबन गाठेपर्यंत अंधार पडला होता.

वीस तीर्थंकरांच्या त्या सिद्धक्षेत्राची वंदना म्हणजे चढ, शिखरावरील टोंकांचे दर्शन आणि उतार मिळून 27 किलोमीटरांची पायवाट. ती पहाटे तीनच्या सुमारास, काळोखात सुरू व्हायची होती. रात्री धर्मशाळेत निजण्यापूर्वी त्या व्यापाऱ्यांनी संघातील प्रत्येकाची बॅटरी मागून घेतली, एकेक लावून पाहिली आणि मिणमिणणाऱ्या दोन बाजूला काढून ठेवल्या.