तुळईचं टोक

काल माजघरातल्या तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, तो मुठीपर्यंत आत गेला. पाडव्याला तेल लावलं होतं तिला. वरून कशी गुळगुळीत! सुतारकाका म्हणाले, "मधे काय बघतोस? टोकाला बघ." टोक भिंतीत गाडलेलं. बाबांनी हौसेनं मातीचा गिलावा काढून सिमेंट फासलं, तेव्हाच ओलीची बाहेर पडायची वाट बुजली. इतके दिवस मी वाळवीला शिव्या घालत होतो. हे काम बुरशीचं. लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा टिकला की तिचं फावतं. आत तपकिरी, चौकोनी तडे. चिमटीत धरलं तर भुगा.

अख्खी तुळई बदलायला काका तयार नाहीत. कुजलेल्याच्या पुढे वीतभर चांगलं लाकूडही कापायचं, तिथे जुन्या सागाचा गाभा सांधायचा, भिंतीत टोकाभोवती हवेला जागा ठेवायची. पण त्याआधी वरची दोन फुटकी कौलं. औषध सगळ्यात शेवटी, म्हणे. मी आणलेला महागडा डबा (बाराशे रुपये!) खुंटीखाली तसाच पडलाय. पाऊस आठवड्यावर आलाय आणि काकांना उद्या लग्नाला जायचंय.